बंड्याचा गोल चट्टा

तुम्हाला आमच्या बंड्याच्या गजकर्णाचं सांगितलं का? बंड्या म्हणजे लग्नानंतर मी माहेरहून डोंबिवलीला आणलेला कुत्रा. त्याच्या कानामागचे केस जाऊन गोल चट्टा पडला, तशा सासूबाई म्हणाल्या, "ह्याला खोपटला तुझ्या आईकडे परत पाठव. मी तर त्याला हातही लावत नाही."

त्याला तपासायला घरी आलेले प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, "गजकर्ण आहे, औषधाने जाईल. पण जवळ घेणाऱ्यालाही होतं. घरात कुणाला खाज?"

मी नाही म्हटलं. सासूबाई पदराआड कोपर खाजवत होत्या. सासऱ्यांनी पदर सरकवला, तर तस्साच गोल चट्टा.

"मग हिलाही खोपटला पाठवू का?" सासऱ्यांनी मला विचारलं.

"कुणी कुठे जात नाही," सासूबाई म्हणाल्या. "दुपारी त्याला एकट्याला झोप येत नाही."