अर्धं नाव

(रोम, १९४७. सिनेमात आवाज भरण्याची खोली. पडद्यावर धोबीण एर्सिलियाचा चेहरा थांबलेला. माईकसमोर नाटकातली नटी फुल्विया, शेजारी दिग्दर्शक ताद्देई. दारात खुद्द एर्सिलिया.)

ताद्देई : बाई, तुम्हाला आत कुणी सोडलं?

एर्सिलिया : पहारेकऱ्याचे सदरे मीच धुते. ते राहू द्या. तोंड माझं आणि जीभ हिची, हे खरं का?

ताद्देई : सगळेच करतात असं. चित्रणाच्या वेळी आवाज घेतलाच नव्हता, तो नंतर भरायचा असतो. तुमची बोली मिलानमध्ये कळायची नाही.

एर्सिलिया : मिलानमध्ये नवरे मरत नाहीत वाटतं?

फुल्विया : मावशी, मी जीव ओतून बोलते हो. ऐका तर. "आर्मांदो! आर्मांदो!"

एर्सिलिया : हा कोण?

फुल्विया : तुमचा नवरा. म्हणजे, सिनेमातला. बाँबनंतर ढिगाऱ्याखाली अडकलेला.

एर्सिलिया : सिनेमातला कसला! माझ्याच माणसाचं नाव घेतलंय साहेबांनी. पण आम्ही हाक मारताना नाव अर्ध्यावर तोडतो, पोरी. "आर्मा!" झालं. पुढचं शेपूट लावलं की समजायचं, पोलीस आलेत.

ताद्देई : एका अक्षरानं काय बिघडतं?

एर्सिलिया : पेपरात तुम्हीच छापून आणलंत ना, नववास्तववाद का काय ते? फादरकडून वाचून घेतलं मी. नट नकोत, रंगवलेल्या भिंती नकोत, माणूस आहे तसा हवा. म्हटलं, बरं आहे, देवालाही तसाच लागतो. जपमाळ एक दिवस न चुकवता आठवडाभर उभी राहिले तुमच्यापुढे.

ताद्देई : निर्मात्याची अट आहे. शिवाय करारावर तुमची सही आहे.

एर्सिलिया : अंगठा आहे. अंगठ्याला बोलता येत नाही, साहेब. मला येतं. आवाज नको तर तोंडही कापा माझं. हिचं लावा, गोरंपान आहे.

फुल्विया : मी "आर्मा" म्हणते की! "आर्मा...!" जमलं?

एर्सिलिया : गाणं म्हणतेस बाई तू. मी दोन दिवस हाका मारल्या त्या ढिगाऱ्यापुढे. घसा फाटला तरी "आर्मा"च. सबंध नाव एकदाच घेतलं, थडग्याचा दगड कोरणाऱ्यापाशी. तोच विचारत होता, "आर्मा, पुढे काय?"

फुल्विया : साहेब, मी हे बोलणार नाही.

ताद्देई : फुल्विया! निर्मात्याला काय सांगू मी?

फुल्विया : सांगा, फुल्वियाचा घसा बसला.

ताद्देई : ...तो माईक खाली घ्या कुणीतरी. अजून थोडा. बाई बुटक्या आहेत.