वाघ मोठा की करडी?

सासरी माझा एवढा दरारा का आहे, सांगतो. यशवंतपूरला मुलगी बघायला गेलो होतो. तिचे वडील पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचे मराठी. चहा घेता घेता त्यांनी विचारलं, "वाघ आणि करडीची झुंज लागली, तर कोण जिंकेल?"

मी पुण्याचा. मला ऐकू आलं करडू.

"वाघच की! एका घासात संपवेल."

"काय बोलता? करडीनं वाघाला पळवलेलं मी पाहिलंय!"

मला हसू आलं. "आमच्याकडे जत्रेला शिजवतात हो. अर्धं तर मी एकटाच संपवतो."

त्यांच्या हातातली बशी हातातच राहिली.

निघताना मुलगी हळूच म्हणाली, "आमच्यात करडी म्हणजे अस्वल."

तेवढ्यात आतून वडील ओरडले, "मुलगा सरी आहे गं, एकदम पसंत! पण उरलेलं अर्धं तुझी सासू खाते का, तेवढं विचारून घे!"