पंपाची पाळी आणि एकोणीस तारीख

साल दोन हजार चोवीस, कार्तिक महिना, तुळशीचं लग्न होऊन सहा दिवस झालेले, भात झोडून घरात आलेलं, तारीख एकोणीस नोव्हेंबर, वार मंगळवार... एवढं नेमकं कसं लक्षात राहिलं, म्हणता? अहो, मी विसरायला तयार होतो, यंत्र तयार नव्हतं!

तुम्हाला सांगतो, मी चौथी शिकलेला माणूस. पण वाडीच्या पंपाची किल्ली एकोणीस वर्षं माझ्या दारातल्या खुंटीला आहे, आणि एकोणीस वर्षांत ती हरवली नाही. आमची वाडी वालावल गावाच्या अंगाला. विहीर खाली खाडीजवळ, टाकी वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, मधे चिऱ्याच्या एकशे बेचाळीस पायऱ्या. घरं चौदा. रोज एका घराची पाळी. पहाटे उठायचं, किल्ली न्यायची, खाली पंप चालू करायचा, वर चढायचं, टाकी भरली की वॉल उघडायचा, पुन्हा खाली येऊन पंप बंद. साधं काम. पण साधं काम लोकांना कधी जमलंय? आज हा म्हणायचा, ‘माझी पाळी काल झाली,’ उद्या ती म्हणायची, ‘आमची परवा आसा.’ आणि मधल्या मधे नळ कोरडे.

म्हणून नात तन्वी दिवाळीला आली तेव्हा मीच तिला कामाला लावलं. पोरगी कणकवलीला कॉम्प्युटर शिकली, आता पुण्यात नोकरी करते. तिने चौदा घरांची यादी डेटाबेसात भरली. डेटाबेस म्हणजे वहीच, फक्त रागाने फाडता येत नाही. मग एक फंक्शन लिहिलं. मी म्हटलं, हे काय?

‘आबा, ही गिरण समजा. तांदूळ घातले तर तांदळाचा पीठ येता, नाचणे घातले तर नाचण्याचा. हीत तारीख घातली की त्या दिवसाच्या घराचा नाव येता. रोज पहाटे पाचाक ती आपसूक चलतली आणि त्याच घराक मेसेज जातलो.’

पटलं. मी देवळात बैठक बोलावली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, यंत्र नाव घेईल त्याने पाळी करायची, हुज्जत नाही, आणि यंत्राची पाळी चुकली तर ही किल्ली धोंडूला. धोंडू म्हणजे माझा शेजारी, काजूवाला. किल्लीवर त्याचा डोळा दहा वर्षांचा. तो नुसता हसला.

एकोणीसला सकाळी तन्वीने सगळं जोडलं. मी मागे उभा. बघतो तर तारखेची जागा रिकामी! आमच्या वहीत तारखेशिवाय ओळ लिहिली जात नाही. तारीख नसलेला कागद म्हणजे चुलीत घालायचा कागद. मी म्हटलं, ‘तारीख लिही.’

‘आबा, ती आत लिवची नसता. रोज भायरसून येता.’

‘माझ्या समोर लिही.’

‘आबा, अहो...’

‘लिही.’

लिहिली. तारीख? एकोणीस नोव्हेंबर. तिने बटण दाबलं, नाव आलं परशुराम. म्हणजे मी. बरोबरच होतं, एकोणीसची पाळी माझीच. मी किल्ली घेतली, पंप चालवला, चढलो, उतरलो. दुपारच्या गाडीने तन्वी पुण्याला गेली.

वीस तारखेला पहाटे पाचाला फोन वाजला. ‘परशुराम, आज पंपाची पाळी आपल्या घराची आहे.’ आता वीसची पाळी हौसाबाईची. मी उजाडेपर्यंत वाट बघितली, किल्ली मागायला कुणी आलं नाही. येणार कसं? मेसेज मला! म्हटलं, असेल काही हिशोब, यंत्र शिकलेलं आहे. गेलो. एकवीसला पुन्हा फोन. परशुराम. बावीसला परशुराम. तेवीस तारखेला मी फोन उशीखाली दाबून ठेवला तर तो उशीखालून वाजला. बोलू शकत होतो का मी? चुकलं म्हणालो की किल्ली धोंडूच्या खुंटीला! वय चौऱ्याहत्तर, पायऱ्या एकशे बेचाळीस, आणि यंत्राच्या लेखी तारीख? एकोणीस नोव्हेंबर.

आणि वाडी बघा... कुणाची कोंबडी कुणाच्या परड्यात अंडं घालते ते तासाभरात चौदा घरांना कळतं, पण मी रोज पहाटे कंदिलासारखा हलत वर चढतो ते एकाला दिसत नाही! उलट हौसाबाई अंगणातून म्हणते, ‘परशुराम, पाणी बरा वेळेर येता हल्ली. यंत्र चांगला हा तुमचा.’ का नाही असणार चांगलं? तिची पाळी मी केली, ती झोपली!

माझी बायको यशोदा म्हणायला लागली, ‘तन्वीक फोन करा.’

‘नको.’

‘कित्याक?’

‘चूक आसती तर तिनाच सांगल्यान आसता.’

‘तिका कसा कळतला? ती पुण्याक, तिच्या नळाक पाणी येता.’

अठ्ठावीस तारीख उजाडली. पाळी खरी धोंडूची. मी खाली पोचलो तर हा पहिल्याच पायरीवर चहाचा पेला घेऊन बसलेला, अंगावर शाल, जसं काही दशावतार बघायला आलाय.

‘काय रे परशुराम, यंत्राचो तुझ्यावर जीव बसलो काय?’

मी पंप चालू केला.

‘आज पाळी कोणाची रे?’

‘यंत्र सांगता तेची.’

‘यंत्र चुकला, इतक्याच म्हण. मी आत्ता वर चढतंय.’

‘घराक पाणी येता मा? मग पी.’

आणि चढलो. सत्तराव्या पायरीवर गुडघा म्हणाला, आता पुरे. तिथे बसलो. टाकी भरून वाहायला लागली तरी बसलो. शेवटी गेलो वर, वॉल उघडला, पण खाली उतरायला मला तास लागला.

घरी आलो तर यशोदाने फोन लावलेला, मोठ्या आवाजावर. तन्वी आधी हसली, मग तिने तिथल्या तिथे फंक्शन उघडून बघितलं.

‘आबा, गिरण रोज चलता, पण तिच्यात रोज तेच तांदूळ पडतत. मी ती तारीख तुमका दाखवूक घातलंय आणि काढूक विसारलंय. तुमी नऊ दिस जादा चढलात? माझी चूक, आबा. आत्ता काढतंय.’

तिची चूक म्हणे. आणि ‘लिही’ कोण म्हणालं होतं?

संध्याकाळी देवळात बैठक. यंत्र चुकलं हे कळल्यावर नऊ दिवस आंधळी असलेली वाडी एकदम बोलकी झाली. कुणी म्हणालं यंत्र फेका, कुणी म्हणालं शिकून काय उपयोग. धोंडू मात्र गोड बोलला. ‘परशुराम, ही चूक तुझी नाय, पोरीची. पोरगी कच्ची आसा. ता यंत्र बंद कर आणि किल्ली ठेव तुझ्याकडेच.’

किल्ली माझ्या मुठीत होती. मान हलवली असती की झालं होतं! पण पोरगी कच्ची? चौदा घरांत जिला हे जमलं ती एकटी, आणि तिला कच्ची म्हणायचं, तेही माझ्यासमोर?

मी उठलो. म्हटलं, ‘पोरगी नको म्हणत होती. तारीख मी घालायला लावली. यंत्राने सांगितलं ते केलं, पोरीने मी सांगितलं ते केलं. चुकलो मी. ही घे किल्ली.’

धोंडूने घेतली. त्याचं तोंड मात्र किल्ली हरवल्यासारखं झालं होतं.

‘आणि नऊ पाळ्या तुमच्या नऊ घरांकडे येणे आहेत,’ मी म्हटलं. ‘त्या सोडणार नाही.’

तन्वीने दुसरं फंक्शन लिहिलं. याला तारखा दोन लागतात, कुठपासून आणि कुठपर्यंत, आणि त्यांच्यामधे कुणाची पाळी कुणी केली ते निघतं. वीस ते अठ्ठावीस. फोनवर तिने विचारलं, ‘आबा, तारीख बघतास?’ म्हटलं, नको. तू घाल.

तेव्हापासून दर चौदा दिवसांनी माझी पाळी आली की मेसेज त्या नऊ घरांतल्या एकाला. तीन डिसेंबरला हौसाबाईचा मुलगा चढला, मग पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. मला आराम, म्हणाल? तुम्हाला सांगतो, नऊच्या नऊ वेळा मी त्यांच्या मागून एकशे बेचाळीस पायऱ्या चढलो. वॉल नीट उघडतात की नाही, बघायला नको?

शेवटचा धोंडू. पंचवीस मार्च, मंगळवार. तो पुढे, मी मागे, दोघांनाही दम लागलेला. त्याने वॉल उघडला. खाली नळांना पाणी गेलं.

‘फिटला?’ तो म्हणाला.

‘फिटला.’