वैशालीचा बारा शब्दांचा उखाणा

क्वांटम कम्प्युटरचं काय घेऊन बसलात, आमच्या कारंज्याच्या प्रमोदचं ऐका. त्याच्याकडे थोडे बिटकॉइन आहेत. त्यांची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ते ज्याला कळले, माल त्याचा. क्वांटम कम्प्युटर असली कुलुपं फोडणार, असं त्यानं कुठंतरी वाचलं आणि असा घाबरला, की मोबाइलमधून शब्द पुसले, कागद जाळला आणि सगळे बायकोकडून पाठ करून घेतले.

मी म्हटलं, "अबे, ते मशीन शब्द शोधत नाही, कुलुपाचं गनितच सोडवते. अन् त्याले अजून टाइम हाय."

"असू दे नं. वैशालीच्या डोक्यात कोनतं मशीन घुसते?"

पुढं कामरगावला त्याच्या मेहुणीचं लग्न निघालं. पंगतीत बायका वैशालीच्या मागं लागल्या, "उखाना घे, उखाना घे!" तिला ऐन वेळी एकही आठवेना. शेवटी तिनं माइक घेतला आणि टायगर, लेमन, विंडो असे बाराही शब्द ओळीनं म्हटले. शेवटचा होता गार्डन.

"प्रमोदरावांचं नाव घेते, चुकलं तर पार्डन!"

मांडवभर टाळ्या! प्रमोद हातातली जिलेबी टाकून मोबाइल घेऊन बाहेर पळाला. नवी किल्ली बनवली, सगळा माल तिकडं हलवला, तेव्हा कुठं पाणी प्यायला.

मागून वैशाली आली. "अवो, नवे शब्द सांगा नं लवकर. हा उखाना त सगळ्याईले पाठ झाला!"