डाग नाही, नंबर आहे तो

आधी एक लिहून घ्या, मग बाकीचं. गाडी मी केलीय. दिराने नाय, मिस्त्रीने नाय, जावयाने तर नाहीच, जावई मला अजून झालेलाच नाय. तुम्ही पण आल्या आल्या तेच विचारलंत, मावशी, कोणाकडून करून घेतली. तुमच्यावर रागवत नाय मी, पण सगळे हेच विचारतात, आणि मी सांगितलं तरी समोरचा माझ्या पाठीमागे बघत बसतो, आतून कोणी पुरुष बाहेर येतोय का म्हणून.

तर माझं नाव शकुंतला. माहेर वांगणीच्या पलीकडे, स्टेशनपासून चालत पाऊण तास. आईवडील वीटभट्टीवर, आम्ही पोरं पण तिथेच, कच्च्या विटा उन्हात उलट्या करायला. सातवी झाली आणि शाळा सुटली. लग्न करून अंबरनाथला आली, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला आमची खोली, आणि मागे ही पत्र्याची पडवी. आता लोक गॅरेज बोलतात हिला. बोलू देत. मिस्टर इथल्याच एका कंपनीत फिटर होते, एरवी तोंडातून शब्द नाय, पण गाडीपुढे बसले की बोलायला लागायचे, आणि ऐकायला कोण, तर मीच.

गाडी म्हणजे ही मोटरसायकल, दोन सायलेन्सरवाली. त्यांच्या कंपनीतले एक साहेब रिटायर होऊन गावाला गेले, त्यांची घेतली होती. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं, किक मारायची, आणि तीच किक पुढे पाडली की तिचाच गिअर होतो. आताच्या पोरांना खोटं वाटतं, मी पाडून दाखवते. दर रविवारी हे इंजिन उघडायचे आणि मी पाने द्यायची, जो पाना लागणार तो त्यांनी मागायच्या आधी माझ्या हातात असायचा, पार्ट घासलेटमध्ये मीच धुवायची, कुठला कुठे बसतो ते मीच पेपरवर ओळीने मांडून ठेवायची. आता सांगा, पंधरा वर्षं जी बाई हे करते ती नुसती बघत होती का? रविवारी एमआयडीसीतल्या कंपन्या बंद असायच्या ना, रस्ता मोकळा असायचा, तिथे त्यांनी मला चालवायला पण शिकवली, साडी खोचून. वॉचमन हसायचे. हे बोलायचे, तू क्लचकडे बघ, त्यांच्याकडे नको बघू.

आणि मी कामाला होती उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पात, पॉलिशच्या कारखान्यात. शेठ सिंधी, माणूस तोंडाचा फाटका पण मनाने बरा. बफवर बाई बसत नव्हती तेव्हा, बाईने मालाला वायर बांधायची आणि तो निकल-क्रोमच्या टाकीत सोडायचा, एवढंच. बफ म्हणजे मोटरवर फिरणारं चाक, त्याच्यावर वस्तू दाबून धरायची, आधी खरखरीत चाकावर, मंग कापडाच्या चाकावर, चेहरा दिसेपर्यंत. एकदा दोन माणसं आली नाहीत आणि ऑर्डर अर्जंट, तर मी बोलली, शेठ, मी बसते. शेठ बोलला, बाई, साडी अटक जायेगी. दुसऱ्या दिवशी पंजाबी ड्रेस घालून गेली आणि बसली, ती सव्वीस वर्षं उठली नाय. घरी येईपर्यंत नाकातून काळं यायचं.

एक गंमत सांगते, मधेच आठवली म्हणून, पण हिचं काम पुढे आहे. लोक जुनी भांडी आणायचे पॉलिशला, समई, तांब्या, परात. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ना, ठोकून ठोकून, ठिपक्यांचं. भाऊ वेगळे झाले की भांडं एकाच्या वाट्याला येतं आणि त्याला दुसऱ्याचं नाव नको असतं, मंग बोलतात, घालवून द्या. मी घालवायची, एकदम आरसा. आणि भांडं ॲसिडमध्ये बुडवलं की नाव हळूच परत वर. शेठ ओरडायचा, बाई, ये बुढ्ढी फिर आ गयी, बुढ्ढी म्हणजे भांड्यावरच्या म्हातारीचं नाव. कारण काय, ठोकताना मार आत खोल गेलेला असतो, वरचं घासलं तरी आतलं दबलेलं राहतं, आणि ॲसिड त्या जागेला वेगळं खातं. हे कोणी शिकवलं नाय मला, बघून बघून समजलं.

मिस्टर गेले त्याला अकरा वर्षं झाली. हार्टचं झालं, कामावरच. गाडी इथेच उभी राहिली, मी वर गोधडी टाकली आणि त्या बाजूला बघायचं सोडलं. दिराचं घर पलीकडच्या गल्लीत. ते दर दिवाळीला यायचे आणि बोलायचे, वहिनी, जागा अडवलीय नुसती, भंगारात द्या. दर दिवाळीला, अकरा वेळा. हे पण लिहा तुम्ही.

मंग माझ्या हाताला केमिकलचं इन्फेक्शन झालं आणि काम सोडावं लागलं. घरात बसून करणार काय? प्रज्ञा, माझी मुलगी, ती बँकेत जाते सकाळी, संध्याकाळपर्यंत मी आणि भिंती. एक दिवस गोधडी काढली. उंदरांनी सीट खाल्लेली, टाकीत गंज, चाकं जाम, सायलेन्सरमध्ये गांधीलमाशीचं घर. मी तिथेच बसून रडली, खोटं कशाला बोलू, आणि मंग उठून पाने शोधले. त्यांच्या पेटीत होते तसेच, नंबराने लावलेले.

दोन वर्षं लागली. टाकी मी स्वतः ॲसिडने धुतली. पिस्टन आत जाम होऊन बसलेला, तो उल्हासनगरला लेथवाल्याकडून सिलेंडरला बोअर मारून नवीन टाकला, बाकी सगळं इथे, ह्या पाटावर बसून. हँडल, रिम, सायलेन्सर, सगळ्याचं निकल-क्रोम शेठच्याच कारखान्यात, माझ्या हाताने, रविवारी टाक्या रिकाम्या असतात तेव्हा. शेठ आता म्हातारा झालाय, खुर्ची टाकून बघत बसायचा. इंजिनची बॉडी ॲल्युमिनियमची, काळी पडलेली, ती पण नेली आणि बफवर धरली. काय सांगू तुम्हाला, अशी निघाली की शेठ खुर्चीतून उठला.

तिथेच माझा घात झाला. पण मला ते कळलं सहा महिन्यांनी.

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा सगळी गल्ली जमली. मिस्टर कामावरून यायचे तोच इंजिनचा आवाज, तो ऐकून समोरची म्हातारी बोलली, आला गं बाई तो. मला हुंदका आवरला नाय. आणि अर्ध्या तासात दीर हजर. वहिनी, एक नंबर काम झालंय, आमच्या भावाची गाडी आहे, चौदा एप्रिलच्या रॅलीत दादा सगळ्यात पुढे असायचा, ह्या वर्षी मी पुढे घेऊन जातो, विहारात सांगून पण आलो. सांगून आलो! मला विचारलं नाय, विहारात सांगितलं. अकरा वर्षं जी भंगार होती ती एका किकमध्ये भावाची गाडी झाली. मी बोलली, भाऊजी, गाडी माझ्या नावावर करून घेते आधी, मंग बघू. तर हसले. बोलले, बाईच्या नावावर ही गाडी?

आता नावावर करायची, आणि जुनी गाडी म्हणून पासिंग पण परत करायचं, तर त्या फॉर्मवर गाडीच्या दोन्ही नंबरांचा ठसा लागतो. कागद ठेवायचा नंबरावर आणि वरून पेन्सिल घासायची, आपण लहानपणी नाण्यावर करायचो तसं. सांगाड्यावरचा नंबर छान उठला. इंजिनवरच्या जागेला कागद लावला, पेन्सिल घासली, कागद सगळा काळा. नंबर नाय. दुसरा कागद घेतला. तो पण काळा. हात फिरवला तर गुळगुळीत, काचेसारखं. तेव्हा मला समजलं. ग्रीस आणि जुन्या रंगाने भरलेला तो नंबर मला बफवर दिसलाच नव्हता, आणि सव्वीस वर्षांची सवय हाताला, खड्डा लागला की सपाट करायचा. मिस्त्रीने असं केलं नसतं. ही चूक पॉलिशवालीच करणार.

नंबर नाय म्हणजे गाडी चोरीची पण असू शकते, पासिंग नाय, नाव नाय, रस्ता नाय. दिराला कळलं तर बोलले, बायकांच्या हातात गाडी दिली की हेच होणार. गल्लीत उभं राहून बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि चूक माझीच होती, त्याचाच मला जास्त राग. लगेच गिऱ्हाईक पण घेऊन आले, वांगणीला फार्महाऊस आहे कोणाचं तरी, त्याला हॉलमध्ये उभी करायला जुनी गाडी पाहिजे होती, पेपर नसले तरी चालेल. शोभेला! माझ्या नवऱ्याची गाडी कोणाच्या सोफ्याच्या बाजूला, पेट्रोल काढून! एक एजंट भेटला, तो बोलला, मावशी, टेन्शन नका घेऊ, नवीन नंबर ठोकून देतो, ओळखणार पण नाय कोणी. त्याला बोलली, अरे, हा माणूस आयुष्यात कंपनीतून एक नटबोल्ट खिशात घालून आला नाय, त्याच्या गाडीवर मी खोटा नंबर ठोकू? जा तू.

आठ दिवस मी पडवीत आली नाय. भांडी घासत होती एक दिवस दुपारी, आमच्या सासूची परात, तिच्यावर सासूचं नाव, झिजलेलं, आणि बोट तिथे फिरलं. परात टाकली मोरीत आणि तसाच ओला हात घेऊन इथे आली. इंजिनवरचा नंबर पण ठोकलेलाच असतो की.

शेठकडे गेली, बोलली, थोडा कॉस्टिक सोडा आणि थोडं ॲसिड पाहिजे. डॉक्टरने तुला केमिकलला हात लावायला मना केलंय, असं शेठ बोलला, पण दिलं, आणि स्वतःचे हातमोजे दिले. त्या जागेच्या भोवती मेणबत्तीच्या मेणाचा बांध घातला, काडीला कापूस गुंडाळला, कॉस्टिक लावायचं, थांबायचं, पुसायचं, ॲसिड लावायचं, धुवायचं. ॲल्युमिनियम नाजूक, जास्त झालं की सगळंच खाऊन टाकणार आणि आतला मार पण जाणार, म्हणजे दुसरी संधी नाय. तीन दिवस तेच. हातमोज्यातून पण हात सोलला. पहिल्या दिवशी काय नाय, नुसती जागा काळपट. दुसऱ्या दिवशी पण नाय. तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन तिरकं आलं पत्र्याच्या फटीतून आणि मला सहाचं पोट दिसलं. मंग बाजूला अजून एक आकडा, मंग सगळे सहा, फिकट, पण एकेक वाचता येत होता. आरसी बुक घेऊन आली, बोट ठेवून ठेवून जुळवला. तोच. त्या दिवशी मी ह्या पाटावर बसून एकटी हसली, मोठ्याने.

पासिंगच्या ऑफिसात साहेबाने टॉर्च मारून बघितला, बुकात बघितलं, परत टॉर्च मारला. बोलला, हे ज्याने केलं त्या मिस्त्रीला आणा, मला बोलायचंय. मी बोलली, बोला. तो बोलला, नाही, मिस्त्रीशी. मी हात झाकायला घातलेले हातमोजे काढले आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले, सोललेले. बोलली, साहेब, हे मिस्त्रीचे हात. तेव्हा त्याने खुर्ची दिली. नीट बसून सगळं ऐकलं त्याने, भांड्यांचं पण, खोटं नाय बोलणार. भांडं ऐकून बोलला, आमच्या घरी पण असंच एक आहे. मंग सांगाड्याचा नंबर परत तपासला, फोटो काढले, वरच्याला दाखवले, मला अजून दोनदा यायला लावलं, आणि गाडी माझ्या नावावर झाली. गिअरवाल्या गाडीचं लायसन्स पण काढलं मी, पहिल्या वेळी नापास, दुसऱ्या वेळी पास.

आता बघा, एवढी गाडी चकचकीत, कुठे पण बघा, तुमचा चेहरा दिसेल. फक्त इथे, इंजिनवर, दोन बोटांएवढी जागा काळपट. ती मी मुद्दाम तशीच ठेवलीय, वर नुसता ऑइलचा हात. आणि येणारा प्रत्येक जण तिथेच बोट ठेवतो, मावशी, एवढं केलं आणि इथे डाग राहिला. डोकं फिरतं माझं.

परवा दीर आले. चौदा एप्रिल जवळ आली ना. आता पुढे मी नेतो असं बोलले नाहीत, तेवढं कळलंय त्यांना. गाडीभोवती फिरले, भावाच्या सीटवर हात फिरवला, डोळे भरले त्यांचे, ते पण मी बघितलं, माणूस वाईट नाय. आणि मंग खिशातून पॉलिशची डबी आणि फडकं काढलं, बोलले, वहिनी, तेवढा डाग मी काढून देतो, माझा पण हात लागू दे दादाच्या गाडीला. आणि वाकले.

मी अशी ओरडली की समोरची म्हातारी बाहेर आली. बोलली, भाऊजी, फडकं खिशात घाला, तो डाग नाय, नंबर आहे तो. तुमच्या भावाचा आहे आणि आता माझा आहे. दीर तसेच वाकलेले राहिले. मंग चष्मा काढून पुसला, परत लावला, अगदी नाक टेकवून बघितलं, आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला, सहाच्या सहा.

चहा घेऊनच गेले ते. रॅलीत मी असणार आहे, मागे प्रज्ञा बसेल झेंडा घेऊन, पुढे की मागे ते विहारवाले सांगतील तिथे. दीर बोलले, मी तुमच्या बाजूला माझी स्कूटर ठेवतो, कोणी तिथे हात लावू नये म्हणून. बघू. तुम्ही पण सुखात राहा, पोराबाळांचं भलं होऊ दे तुमच्या. आणि हे छापाल तेव्हा तुम्ही काढलेल्या फोटोतून तो डाग काढू नका हां, तुमच्या कॉम्प्युटरवर काढतात असं प्रज्ञा सांगते. जय भीम.