पहाटेचा अवतार

बसच्या रांगेत मुख्याध्यापिकाबाईंनी दूधवाल्याला गाठलं. पळायला जागा नव्हती.

“भाऊजी, वाचनालयातल्या तुमच्या प्रदर्शनातला माझा फोटो उतरवा. केस पिंजारलेले, अंगात नवऱ्याचा स्वेटर, असं कानावर आलंय. उद्या शाळेतली पोरं बघतील.”

“वहिनी, दूध घालता घालताच फोटो काढतो मी. पहाटे अख्खं गाव असंच दिसतं. उन्हाळ्याच्या फोटोत डॉक्टर बनियनवर आहेत, ते काही बोलले नाहीत.”

“त्यांना लाज नाही. मला आहे.”

“बरं, उतरवतो. थंडीचा तेवढा एकच जमला होता. धुकं, तुमच्या हातात पातेलं, आणि मागे दारात सासूबाई खळखळून हसतायत.”

“आमच्या सासूबाई? हसतायत?”

“कवळी न लावता.”

बस आली. बाई पायरीवर थांबल्या.

“राहू दे तो. नुसतं सांगून घरात कोणाला पटायचं नाही.”