जास्तीची हाडं

डॉक्टर : पण भाच्याला पाडून तुमच्या नणंदेला मिळणार काय होतं?

आई : काहीच नाही. उलट बाळाचं सगळं त्यांच्याच अंगावर. पण रडं थांबेना म्हणून मागच्या महिन्यात इथे आणलं, तर तुमचेच डॉक्टर म्हणाले, कवटीला तडा गेलाय. दिवसभर घरात बाळाजवळ त्या एकट्या. मग संशय घ्यायचा कोणावर, पाळण्यावर?

डॉक्टर : हा कवटीचा एक्स-रे, आणि हा तो तडा. आता अशा आणखी रेषा दिसतात का बघा.

आई : इथे… इथेही. अगंबाई, किती वेळा आपटलं त्याला?

डॉक्टर : एकदाही नाही. तो तडा धरून या सगळ्या रेषा म्हणजे सांधे. कवटीच्या सांध्यांत कधीकधी जास्तीची बारकी हाडं असतात. एखाददुसरं तुमच्या-माझ्या डोक्यातही असेल, त्यानं काही अडत नाही.

आई : म्हणजे बाळ ठीक आहे.

डॉक्टर : तसं मी म्हटलं नाही. इथे फरशीचे तुकडे बसवावेत तशी दाटी आहे. अशी दाटी दिसली की बाकीची हाडंही तपासावी लागतात. याच्या डोळ्यांतलं पांढरं निळसर आहे, लक्षात आलं होतं?

आई : त्या घरात तसंच. वन्संचे तर फारच निळे. आम्ही कौतुक करायचो.

डॉक्टर : लहानपणी त्यांची हाडं मोडायची?

आई : सारखी. सासूबाई म्हणायच्या, धडपडी कार्टी, एक हात कायम गळ्यात. का हो?

डॉक्टर : बाळाला त्या उचलायच्या कशा?

आई : उशीवर. मलाही नुसतं उचलू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, दुखतं गं त्याला. तडा कळला तेव्हा मी तेच तोंडावर फेकलं. म्हटलं, पाडलंत, म्हणून हात लावायला भिता.

डॉक्टर : मग?

आई : पिशवी भरून गेल्या. उशी पाळण्यात नीट ठेवून. मी ती माळ्यावर टाकली.

(डॉक्टर दुसरा फोटो उजेडावर लावतात.)

डॉक्टर : ही बरगडी. हाडं घराण्यातूनच इतकी ठिसूळ असली की काखेत धरून उचललं तरी मोडतात. ही मोड ताजी आहे, चार-दोन दिवसांची. त्या गेल्यापासून बाळाला कोण घेतं?

आई : मीच.

डॉक्टर : बसा जरा.

आई : नको. तो जागा होतोय, डॉक्टर. आता मी त्याला घेऊ कशी?